सहाव्याची हजेरी

१

सिंगापूरला डोंगर नाही. एकशे त्रेसष्ट मीटरची एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावरच्या दगडावर उंची लिहिली आहे आणि लोक त्या दगडाला टेकून फोटो काढतात. पुण्यात तेवढ्या टेकडीवर माणसं दुधाची पिशवी आणायच्या आधी जाऊन येतात. पण आमच्यातल्या उत्साही मंडळींना ती टेकडीही लांब पडते, म्हणून ते जिने चढतात. दर रविवारी सकाळी आठ वाजता बुकित पंजांगच्या एका पंचवीस मजली ब्लॉकखाली सात शिकलेली माणसं जमतात. पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असतात. शेजारी दोन लिफ्ट व्यवस्थित चालू असताना ही माणसं पायी वर जातात आणि लिफ्टने खाली येतात. असं चार वेळा.

त्या सातांत मी होतो. मी निशिकांत, वय चोपन्न. ऑफिस अलेक्झांड्राला, घर क्वीन्सटाउनला. डॉक्टरने रक्तदाबासाठी चालायला सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर रविवारी सकाळी मनातल्या मनात हसायला मला कोणीतरी लागतं.

पुढारी होती क्षिप्रा. वय चौतीस, राहायला वुडलँड्स, मला 'काका' म्हणते. जानेवारीत कोरियात एका बर्फाच्या डोंगरावर जायचं म्हणून हिने बत्तीस स्लाइडचं सादरीकरण केलं होतं. त्यातली एक स्लाइड नुसती मोज्यांवर. तिचा एकच नियम मला पटला होता, तो हजेरीचा. जिन्यात दर पाच मजल्यांनी आणि डोंगरावर दर अर्ध्या तासाने प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. क्षिप्रा 'एक', मग अंकुर 'दोन', असं मागे मागे येत शेवटचा मी, 'सात'. एखादा आकडा आला नाही तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. दुसऱ्यांदाही आला नाही तर सगळ्यांनी मागे फिरायचं. शिखर गेलं खड्ड्यात, हे तिचे शब्द.

शेवटच्या माणसाचं काम म्हणजे कोणालाही आपल्या मागे राहू न देणं. ते मला दिलं होतं, कारण कॉलेजात असताना मी सह्याद्रीत पुष्कळ भटकलोय. हे मी त्यांना दोन-तीनदा सांगितलं असेल.

माझ्यापुढे सहावे मनोहरराव. अठ्ठावन्न वर्षांचे, बुटके, चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. लिफ्टचं दार उघडलं तर लिफ्टलाही 'थँक्यू' म्हणतील असा माणूस. त्यांच्याकडे एक चपटा स्टीलचा डबा असायचा, त्यात त्यांच्या बायकोने, सुलेखावहिनींनी, केलेला आलेपाक. प्रत्येक हजेरीनंतर डबा पुढे यायचा. "घ्या ना, घशाला बरं." पंचवीस मजल्यांत पाच वेळा. माणूस चांगला होता. चांगल्या माणसांचा मला कंटाळा येतो.

२

कोरियात उणे चौदा होतं. सातही जण इतके गुंडाळलेले होते की गाद्या चालत निघाल्यासारखं दिसत होतं. बुटांखाली लोखंडी काट्यांच्या पट्ट्या बांधल्या होत्या. वाट एकच होती, लाकडी पायऱ्यांची. त्यांवर काचेसारखा बर्फ आणि दोन्ही बाजूंना जाड दोर. दहा वाजता ढग खाली आला आणि चार पावलांपलीकडचं काही दिसेना. पुढे कोणीतरी चाललंय हे फक्त काट्यांच्या कचकच आवाजावरून कळत होतं.

वर एक फाटक होतं. बारानंतर तिथून शिखराकडे सोडत नाहीत. अकरा वाजून वीस मिनिटांनी मनोहरराव एका पायरीवर बसले. डाव्या बुटाच्या काट्यांचा पट्टा सुटून लोंबत होता.

"निशिकांतराव, जरा हा पट्टा लावून देता का? बोटं ऐकत नाहीयेत."

त्यासाठी मला हातमोजे काढावे लागले असते. दोन मिनिटांचं काम होतं. पण सकाळपासून तिसऱ्यांदा त्यांचं काहीतरी निघालं होतं. आधी चष्म्यावर वाफ, मग बाटलीचं झाकण. आणि बारा वाजत आले होते. या माणसापायी मी विमानात सहा तास बसून एका बंद फाटकाचं दर्शन घ्यायचं की काय, असं मला वाटलं.

"बसा," मी म्हणालो. "मी येताना घेतो."

"बरं, बसतो," ते म्हणाले. आणि डबा काढून माझ्यापुढे धरला. मी आलेपाकाची वडी घेतली. तोंडात टाकली आणि वर निघालो.

साडेअकराला वरून हजेरी सुरू झाली. एक. दोन. तीन. चार. मग धम्मदीपचा 'पाच'. हा संशोधक आहे, कामापुरतं बोलतो, म्हणून मला त्यातल्या त्यात सोसतो. पाच झाले आणि थांबलं.

इंजिनिअरिंगला मी निम्म्या हॉस्टेलची प्रॉक्सी द्यायचो. पोरं झोपलेली असायची आणि मी एकाच तासाला चार-चार जणांचा 'येस सर' व्हायचो. त्यात एक हिकमत आहे. मान खाली घालायची, तोंड अर्धं मिटायचं आणि आवाज जरासा जड करून नाकातून सोडायचा. बत्तीस वर्षांनी ती अशी आपसूक जमेल असं मला वाटलं नव्हतं.

"सहा," मी म्हणालो. जरा थांबून, माझ्या आवाजात, "सात."

"पूर्ण. चला," वरून क्षिप्रा म्हणाली.

३

शिखरावर काही नव्हतं. एक दगड होता आणि त्यावर उंची कोरलेली होती. ढगात कोण कुठे उभं आहे ते दिसत नव्हतं. तिथेही हजेरी झाली आणि तिथेही मी सहा आणि सात झालो.

मग केशरी जाकिटातला एक रखवालदार आला आणि हातांनी खुणा करू लागला. वारा वाढला होता, चढून आलेली वाट बंद केली होती, सगळ्यांनी डोंगराच्या दुसऱ्या बाजूने उतरायचं होतं. मंडळी निमूटपणे वळली.

बोलायचं तर तेव्हा बोलायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण काय बोलणार? मी दोनदा खोटी हजेरी दिली, हे त्या पोरीसमोर सांगायचं? चोपन्नाव्या वर्षी? फोन लावून पाहिला, रेंज नव्हती. मी स्वतःला सांगितलं की माणूस इंजिनिअर आहे, त्याला पाय आहेत, खाली बस आहे. फाटकावरच्या लोकांनी उतरवलाच असेल. उतरताना दर हजेरीला मी 'सहा' म्हणालो.

साडेचारला खाली गाड्यांच्या तळावर पोचलो. ढग तिथेही होता. क्षिप्राने शेवटची हजेरी लावली. आता सांगणं भागच होतं. मी वाक्य जुळवलं होतं: ते मागे पडले वाटतं, मला आत्ताच लक्षात आलं. असं काहीतरी.

"पाच," धम्मदीप म्हणाला.

मी तोंड उघडलं.

"सहा," माझ्या पुढून आवाज आला.

मनोहरराव उभे होते, माझ्याकडे पाठ करून. तेच निळं जाकीट, तीच सॅक. डाव्या बुटाला काटे नव्हते. मला हायसं वाटलं, आणि लगेच संताप आला. हा माणूस सुखरूप खाली आला आणि मी चार तास उगाच जीव जाळला.

"कसे आलात?" मी विचारलं.

ते सरळ चालू लागले. बसमध्ये जाऊन बसले. रुसले असतील, मी म्हटलं. परत आल्यावर मी त्या डोंगराचा नकाशा मोठा करून करून पाहिला. ते जिथे बसले होते तिथून त्या तळावर यायला एकच रस्ता होता, शिखरावरून. म्हणजे ते आमच्यातूनच चालत आले असणार आणि ढगात मला दिसले नसणार. दुसरं काय असणार?

४

परतल्यावर दोन आठवड्यांनी जिने पुन्हा सुरू झाले. का सुरू झाले ते देव जाणे. आता कुठला डोंगर चढायचा होता? पण क्षिप्राला सवय मोडायची नव्हती आणि अंकुरला ग्रुपवर आकडे टाकायचे होते, रोज किती पावलं, किती मजले. माणसं नोकरीत आकड्यांना कंटाळतात आणि रविवारी आकडे मोजायला येतात.

मनोहरराव आले होते, माझ्यापुढे, सहावे. सकाळचे आठ, अंगाला चिकटणारी ती इथली हवा. पाचव्या मजल्यापर्यंत आम्हा सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते. त्यांचा शर्ट कोरडा होता, इस्त्रीची घडी तशीच. असतात काही माणसं, ज्यांना घाम कमी येतो.

हजेरी झाली. "सहा," ते म्हणाले. मान खाली, तोंड अर्धं मिटलेलं, आवाज जरा जड, नाकातून.

तेव्हा मी काहीच मनात आणलं नाही. डबा पुढे आला. या वेळी 'घ्या ना' नाही, नुसता डबा. मी वडी उचलून चावली आणि कळ मस्तकात गेली. वडी दगडासारखी गोठलेली होती. मी फ्रिजमधली म्हणत नाहीये. फ्रिजमधली वस्तू इथे पाच मिनिटांत ओघळायला लागते. पंधराव्या मजल्यावरही ती माझ्या तळहातावर तशीच होती. मी ती कुंडीत टाकली.

घरी गेल्यावर मी बाथरूमचं दार लावलं, आरशासमोर उभा राहिलो, मान खाली घातली आणि म्हणालो, "सहा."

तोच आवाज. मनोहररावांचा स्वतःचा आवाज मी आठवून पाहिला. बारीक होता, शेवटी जरा वर जायचा. गाड्यांच्या तळापासून तो मी ऐकलाच नव्हता. हा माणूस माझ्या प्रॉक्सीच्या आवाजात बोलत होता.

मला भीती वाटली. उगाच शब्द फिरवत नाही, भीतीच वाटली. मग चहा केला आणि स्वतःला बजावलं की मी नक्कल केली ती त्यांच्यासारखी जमली असेल, म्हणून तर कोणाला कळलं नाही. हे उत्तर मला तीन दिवस पुरलं.

५

पुढच्या रविवारी चौदाव्या मजल्यावरच्या आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या. चिनी बाई, सत्तरीच्या पुढच्या, आम्हाला दर आठवड्याला बघतात आणि मान हलवतात. त्यांचं आमच्याविषयीचं मत आणि माझं मत एकच आहे. मी शेवटचा, म्हणून त्यांच्यासमोरून शेवटी गेलो. त्यांनी झारी खाली ठेवली.

"अंकल, वेट फॉर युअर फ्रेंड, लाह. ही व्हेरी स्लो."

"कुठला फ्रेंड?" मी इंग्रजीत विचारलं.

त्यांनी खाली बोट केलं. "लास्ट वीक ऑल्सो. यू ऑल गो अप, ही अलोन."

मी म्हणालो की आम्ही सातच आहोत आणि सातवा मी आहे. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला आवडलं नाही. पुन्हा झारी उचलून त्या आत गेल्या.

मी थांबलो. वरच्या पावलांचे आवाज हळूहळू विरले. मग खालून ऐकू आलं. फरशीवर लोखंड, कच्च. मग साधं पाऊल. मग काहीतरी घासत आल्यासारखं, सर्र. पुन्हा कच्च. कोणीतरी एका पायात काटे घालून आणि दुसऱ्या पायाचा सुटलेला पट्टा ओढत जिना चढत होतं. घाईत नव्हतं. पायरीगणिक थांबत होतं.

पहिल्यांदा वाटलं, कोणी सायकल आणत असेल. लोक जिन्यातून काय वाटेल ते नेतात. मी कठड्यावरून डोकावलो नाही. त्याची गरज नव्हती. पंधराव्या मजल्यावर हजेरीला वेळेत पोचायचं होतं, एवढंच. तिथे मी धापा टाकत पोचलो तेव्हा "सहा" म्हणून झालं होतं आणि सगळे माझ्यासाठी खोळंबले होते.

"काका, तुम्ही ओके ना?" क्षिप्रा म्हणाली.

"सात," मी म्हणालो.

६

त्याच दिवशी सुलेखावहिनींनी मला चहाला थांबवून घेतलं. त्यांचं घर त्याच ब्लॉकमध्ये, नवव्या मजल्यावर. गुडघे दुखतात म्हणून त्या आमच्यात कधी आल्या नाहीत. दारातच मला जाणवलं की घर गार आहे. वहिनींनी अंगावर शाल घेतली होती. सिंगापूरमध्ये सकाळी दहा वाजता शाल.

मनोहरराव आतल्या खोलीत होते. दार लोटलेलं होतं आणि आत काहीही हालचाल नव्हती.

"एसी बंद आहे," मी काही विचारायच्या आधीच वहिनी म्हणाल्या. "तीन आठवडे बंद आहे. हे पाहा." त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. काचेला बाहेरून पाणी सुटलं होतं, ओघळ खालपर्यंत गेले होते. "रोज सकाळी असं होतं. आतल्या खोलीच्या खिडकीला तर जास्तच."

"इथली हवाच तशी आहे," मी म्हणालो.

"बावीस वर्षं या हवेत राहतेय, भाऊजी." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "आलेपाकाचा डबा कोरियाला नेताना मी त्यात तीस वड्या मोजून दिल्या होत्या. आलेपाक मी त्यानंतर केलाच नाही. डबा अजून भरलेला आहे." त्या खाली बसल्या आणि आवाज लहान केला. "हे माझ्याशी बोलत नाहीत. हाक मारली की एक आकडा म्हणतात. मी डॉक्टरकडे नेलं, ते म्हणाले दमलेत. मला खरं सांगा. तुम्ही शेवटी होतात. हे पूर्ण वेळ तुमच्या पुढे होते ना?"

आता इथे मी खोटं का बोललो, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या बाईचा चेहरा मी बघत होतो. मी 'नाही' म्हणालो असतो तर तिने त्याच मिनिटाला फोन उचलला असता. कोरियातल्या कोणाला तरी त्या पायरीपर्यंत पाठवलं असतं. तिथे काय सापडेल हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणी आधीच शोधलं नसेल कशावरून, असंही मनात आलं. पण कोण शोधणार? मंडळींच्या लेखी कोणी हरवलंच नव्हतं. हजेरी पूर्ण होती.

आणि मग तिने मला विचारलं असतं, पट्टा लावायला किती वेळ लागला असता?

"हो," मी म्हणालो. "पूर्ण वेळ माझ्या पुढेच होते."

वहिनींनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. त्या एका गोष्टीची मला आयुष्यात जितकी लाज वाटली तितकी कशाचीच वाटलेली नाही. चहा मी अर्धा सोडला. निघताना आतल्या खोलीतून, दारामागून, अगदी जवळून आवाज आला.

"सहा."

७

यानंतर मी जायला नको होतं, हे तुम्ही म्हणाल. सोपं आहे म्हणायला. न जाण्याचं कारण द्यावं लागलं असतं, आणि माझ्याकडे कारणं संपली होती. शिवाय मी ठरवलं होतं की या रविवारी पंचविसाव्या मजल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. वाक्यही जुळवलं होतं, या वेळी खरं.

पंधराव्या मजल्याची हजेरी देऊन निघालो. अठराव्यावर डावा पाय जड झाला. पाहिलं तर बुटाची नाडी सुटून लोंबत होती. मी पायरीवर बसलो आणि वाकलो. बोटं नाडीवर ठेवली. ती हलली नाहीत. पांढरी पडली होती, नखांपाशी निळी. गालावरून घाम वाहत होता आणि बोटांत गारठा भरला होता.

मनोहरराव चार पायऱ्या वर होते.

"मनोहरराव," मी म्हणालो. "जरा ही नाडी..."

ते थांबले. वळले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, फक्त बुटाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर वैताग होता. तो वैताग मी रोज दाढी करताना आरशात बघतो.

"बसा," ते म्हणाले. "मी येताना घेतो."

आवाज माझा होता. जड नाही, नाकातला नाही. माझा नेहमीचा आवाज.

ते वर गेले. पावलं वळली, पुढच्या मजल्यावर गेली, त्याच्या पुढच्या. मी ओरडायचा प्रयत्न केला, पण तोंडातून नुसती वाफ आली. एकतीस अंशांच्या सकाळी माझ्या तोंडातून वाफ निघाली. मग विसाव्या मजल्यावरून हजेरी सुरू झाली. एक. दोन. तीन. चार. पाच.

"सहा."

मी छाती भरून श्वास घेतला. एक आकडा राहिला होता. तो आला नाही तर त्यांना थांबावं लागणार होतं, आणि दुसऱ्यांदाही आला नाही तर सगळ्यांना मागे फिरावं लागणार होतं. नियम होता तो. चांगला नियम होता.

"सात," वरून कोणीतरी माझ्या आवाजात म्हणालं.

"पूर्ण. चला," क्षिप्रा म्हणाली.

त्यांची पावलं वर जातायत. मी अजून इथेच बसलोय. खालून आवाज येतोय, कच्च, साधं पाऊल, सर्र. आज मी डोकावलो. दोन मजले खाली, कठड्यावर एक राखाडी लोकरी हातमोजा आहे, बर्फाने कडक झालेला. तो थांबतो, थोडा वर सरकतो, पुन्हा थांबतो. हळू येतोय बिचारा. पोचला की त्याचा पट्टा मी लावून देणार आहे. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त ही बोटं ऐकायला हवीत.